आधी धुणं, मग औषध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाबद्दल आपल्या दैनिकात गेले काही दिवस सातत्याने मजकूर येतो आहे. औषधांना दाद न देणारे जंतू, डॉक्टर-परिचारिकांचं हात धुणं, वॉर्डातली गर्दी, भेटायला येणाऱ्यांची ये-जा, अशा सगळ्यांवर वाचकांनी आणि तज्ज्ञांनी लिहिलं. मी त्यातली एकही ओळ सोडली नाही. एका खोलीचा उल्लेख मात्र कुठेच आढळला नाही. ऑपरेशन थिएटरच्या मागे ती असते. दोन-तीन खोल स्टीलची सिंक, वेगवेगळ्या जाडीचे ब्रश, ओली फरशी, आणि प्लॅस्टिकचा एप्रन व गमबूट घालून उभी असलेली दोन माणसं. एका रोग्याच्या शरीरातून बाहेर आलेलं उपकरण दुसऱ्याच्या शरीरात जाण्याआधी या खोलीतून जातं. मी नोकरीची ३१ वर्षं त्या खोलीच्या आसपास आणि शेवटची १४ वर्षं त्या खोलीतच काढली. आधी थिएटरची स्टाफ नर्स म्हणून, मग निर्जंतुकीकरण विभागाची, म्हणजे आम्ही ज्याला सीएसएसडी म्हणतो त्याची, इन्चार्ज म्हणून. आता निवृत्त आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेले आकडे असे आहेत: रुग्णालयात दाखल झालेल्या १०० रोग्यांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथे असतानाच निदान एक तरी संसर्ग होतो, आणि असा संसर्ग झालेल्या १० जणांमागे एक दगावतो. हे सगळे संसर्ग उपकरणांतून येतात असं माझं म्हणणं नाही. कितीतरी हातांवरून येतात, कितीतरी रोग्याच्या स्वतःच्याच त्वचेवरून. पण रोग्याचं वय, त्याचा मधुमेह, त्याची कमी झालेली ताकद यांतलं काही आम्हाला बदलता येत नाही. नळीच्या आतून ब्रश फिरला की नाही, हे मात्र पूर्णपणे आमच्याच हातात असतं. म्हणून या बाबतीतली चूक मला जास्त लागते.

मी हे का लिहिते आहे ते कळावं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रिया आमच्याकडे नव्याने सुरू झाल्या होत्या. पोटाला चार छोटी छिद्रं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, सगळे खूश. सहा आठवड्यांच्या आत चार रोगी एकाच तक्रारीसाठी परत आले. टाके काढले तेव्हा जखमा छान भरलेल्या होत्या. तीन-चार आठवड्यांनी नाभीजवळच्या छिद्राच्या जागी कडक गाठ आली, मग ती फुटली आणि पाण्यासारखा पू गळायला लागला. ताप नाही, फारसं दुखत नाही, पण जखम मिटता मिटत नाही. नेहमीची प्रतिजैविकं दिली, बदलून दिली, उपयोग नाही. पू तपासायला पाठवला तर दोन दिवसांनी रिपोर्ट यायचा की काही वाढलं नाही. तिसऱ्या रोग्याच्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी त्या प्लेट टाकून दिल्या नाहीत, आठवडाभर ठेवल्या. पाचव्या दिवशी त्यावर बारीक ठिपके उमटले. क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले, पण क्षय न करणारे, पाण्यात आणि मातीत राहणारे जंतू होते ते. नळाच्या पाण्यातही असतात. पोटाच्या भिंतीत शिरले की महिनोन्‌महिने ठाण मांडतात.

मॅडम त्या दिवशी थेट थिएटरमध्ये आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "ट्रोकार कोण धुतं?"

ट्रोकार म्हणजे ज्या नळीतून दुर्बीण आणि बाकीची हत्यारं पोटात जातात ती नळी. धुणाऱ्या मावशी पुढे आल्या. मॅडमनी नळी हातात घेतली, वरचं टोक फिरवलं, आणि ते सुटून वेगळं झालं. आत रबरी झडप होती. झडपेच्या खाली तपकिरी रंगाचं कडं जमलं होतं. मॅडमनी ते चिमट्याच्या टोकाने खरवडून पांढऱ्या गॉजवर ठेवलं. वाळलेलं रक्त आणि चरबी. किती रोग्यांची, ते सांगता येणार नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "हे उघडतं होय?"

आठ महिने त्या ती नळी धूत होत्या. रोज मनापासून, बाहेरून चकचकीत होईपर्यंत. ती उघडते हे त्यांना कुणीही दाखवलं नव्हतं. आणि संपादक महाराज, शस्त्रक्रिया संपल्यावर ती नळी मावशींच्या हातात देणारी मी होते. मलाही ते ठाऊक नव्हतं. उपकरण आलं तेव्हा ते वापरायचं कसं याचं प्रात्यक्षिक सर्जनांसाठी झालं होतं. धुवायचं कसं याची पुस्तिका खोक्यातच राहिली होती.

त्या चौघांपैकी तिघे गोळ्या आणि इंजेक्शनं घेऊन बरे झाले, पण त्याला महिने लागले. एका बाईंच्या पोटाच्या भिंतीचा तुकडा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावा लागला. ज्या शस्त्रक्रियेचं कौतुक "छोटी छिद्रं" म्हणून होत होतं, तिच्यापायी त्यांना मोठी चीर मिळाली. ड्रेसिंगला यायच्या तेव्हा त्या मला विचारायच्या, "सिस्टर, माझं काही चुकलं का? मी पथ्य पाळलं होतं सगळं." मी तेव्हा त्यांना खरं सांगितलं नाही. तो अधिकार माझा नव्हता असं मी स्वतःला बजावत राहिले. आज तसं वागले नसते.

आता त्या नळीचं काय चुकलं ते सांगते, कारण इथेच लोकांचा, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या अनेकांचा, मोठा गैरसमज आहे. नळी ग्लुटारल्डिहाइडच्या ट्रेमध्ये २० मिनिटं बुडवली होती. औषध जालीम आहे, जंतू मरतात, मग झालं काय? झालं असं की ग्लुटारल्डिहाइड प्रथिनांना घट्ट करतं. प्रयोगशाळेत पेशी जशाच्या तशा टिकवायला हेच औषध वापरतात. रक्ताचा थर न धुता उपकरण त्यात टाकलं तर तो थर निघत नाही, धातूला चिकटून पक्का होतो, आणि आतल्या जंतूंना त्याचं छप्पर मिळतं. औषध बाहेरच्या बाजूला काम करत राहतं. आतले शांत बसून असतात. अल्कोहोलचंही तसंच, तेही प्रथिनं गोठवतं. म्हणून रक्त लागलेलं उपकरण "पटकन स्पिरिटने पुसून घ्या" असं कुणी म्हणालं की मी आजही अस्वस्थ होते.

दुसरं, २० मिनिटांत ते औषध क्षयाचे जंतू, विषाणू, बुरशी मारतं, पण जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची जाड कवचातली चिवट रूपं, मारायला त्याला १० तास लागतात. पोटाच्या आत, जिथे जंतू असायलाच नकोत अशा जागी जाणारं उपकरण २० मिनिटांवर भागवायचं नसतं. ते निर्जंतुकच व्हायला हवं. धातूची नळी वाफेत सहज जाते. पण वाफेची एक फेरी, सुकवण्यासह, तासाभराची. नळ्यांचे संच दोनच, आणि दिवसाला शस्त्रक्रिया पाच. ट्रे जवळ होता. सोपं होतं.

तिसरं, ट्रेमधलं औषध नवं नव्हतं. आमच्याकडे येणारं औषध एकदा पूड मिसळून चालू केलं की १४ दिवस टिकायचं, तेही कागदावर. रोज ओली उपकरणं त्यात पडतात, प्रत्येकासोबत पाणी जातं, औषध पातळ होत जातं. म्हणून रोज वापरण्याआधी पट्टी बुडवून ताकद तपासायची असते. आमच्याकडे पट्ट्या नव्हत्या. पातळी कमी झाली की वरून थोडं नवं ओतायचं, आणि ट्रेवरची तारीख तीच ठेवायची. आणि शेवटचा घाव असा की औषधातून काढलेली नळी आम्ही नळाखाली धरून खंगाळत होतो. त्या पाण्यात कोण राहतं हे वर लिहिलंच आहे. उकळून थंड केलेलं पाणीसुद्धा पुरत नाही, निर्जंतुक पाणीच लागतं.

पुढे वाचनात आलं की ब्राझीलमध्ये २००० नंतरच्या दशकात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर याच भावकीतल्या एका जंतूची साथ अनेक रुग्णालयांत पसरली होती, आणि त्या साथीतला जंतू २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये ३० मिनिटं बुडवूनही जगत होता. ते वाचून मला बरं वाटलं नाही. आपण एकट्याच चुकलो नाही यात समाधान कसलं? इतक्या दूर, इतक्या ठिकाणी हेच घडत असेल तर ही एका मावशीची किंवा एका सिस्टरची चूक नाही, एवढं मात्र तेव्हा लख्ख कळलं.

धुणं म्हणजे काय ते मी नवीन मुलींना सिंकपाशी उभं करून शिकवायची. पुस्तकातून ते येत नाही. उपकरण रोग्याच्या शरीरातून बाहेर आलं की तिथेच, टेबलापाशीच, ओल्या गॉजने पुसायचं आणि ओलं ठेवूनच धुण्याच्या खोलीत आणायचं. वाळलं की संपलं. वाळलेलं रक्त काढणं म्हणजे भांड्याला करपून लागलेलं काढण्यासारखं, आणि इथे तर भांड्याचा तळ दिसतही नाही. पाणी कोमट किंवा गारच. गरम पाण्याने स्वच्छ निघतं ही आपली घरची समजूत, पण गरम पाण्यात अंड्यासारखं रक्त गोठतं आणि सांध्यात जाऊन बसतं. एन्झाइमचं द्रावण सांगितलेल्या मापानेच करायचं, अंदाजाने नाही. प्रत्येक स्कोपला, म्हणजे शरीरात घालायच्या दुर्बिणीला, नवं द्रावण. कात्री, चिमटे, पकडी यांची तोंडं उघडी ठेवायची. जे सुटं होतं ते सुटं करायचं. नळीच्या भोकाला त्याच मापाचा ब्रश: बारीक ब्रश आतून नुसता फिरून येतो, भिंतीला लागत नाही, आणि जाड ब्रश आत जातच नाही. ब्रश दुसऱ्या टोकाला बाहेर आला की त्याचे केस बघायचे, स्वच्छ असतील तरच थांबायचं. घासायचं ते पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. मग खंगाळणं, मग दिव्याखाली भिंगातून पाहणं. हे सगळं झालं की औषध किंवा वाफ.

भिंग आणलं तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "सिस्टर, जंतू काय भिंगातून दिसतात का?" मी म्हटलं, "जंतू दिसत नाहीत सर, त्यांचं घर दिसतं." ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच एक कात्री घेऊन भिंगाखाली बघायला आले.

कुठल्या वस्तूला किती करायचं, याचा एक साधा हिशेब आहे. अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी तो अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी मांडला आणि अजून सगळं जग त्यावर चालतं. रक्तात किंवा निर्जंतुक ऊतींमध्ये जाणारं सगळं निर्जंतुकच हवं. तोंड, घसा, आतडं अशा ओल्या आवरणाला लागणाऱ्या वस्तूंना पूर्ण निर्जंतुकीकरण जमत नसेल तर निदान तीव्र औषधाची प्रक्रिया हवी. अखंड त्वचेला लागणाऱ्या वस्तू नीट धुतल्या आणि पुसल्या तरी चालतात. पहिल्या आणि तिसऱ्या गटाबद्दल फारसे वाद होत नाहीत. सगळं दुखणं मधल्या गटाचं आहे, कारण एन्डोस्कोप त्यात येतात.

एन्डोस्कोप म्हणजे एका टोकाला हातात धरायची मूठ आणि पुढे लांब, लवचीक, काळी नळी. आत अनेक बारीक वाटा: हवेची, पाण्याची, ओढण्याची, तुकडा काढायच्या पकडीची. रबर, काच, गोंद, तारा, त्यामुळे वाफेच्या उष्णतेत ती जाऊ शकत नाही. आणि जाते कुठे, तर शरीरात जंतू सर्वांत जास्त जिथे असतात तिथे. शस्त्रक्रियेची कात्री बाहेर येते तेव्हा तिच्यावर फार थोडे जंतू असतात. आतड्यातून आलेल्या स्कोपवर कोट्यवधी असतात. म्हणजे सर्वांत जास्त माखलेलं, सर्वांत गुंतागुंतीचं उपकरण आम्ही सर्वांत सौम्य पद्धतीने शुद्ध करायचं. म्हणून तिथे चुकायला जागा उरत नाही.

पित्तनलिकेत जाणाऱ्या स्कोपच्या टोकाला एक चिमुकली तरफ असते, आतली तार वळवण्यासाठी. तिच्या मागच्या खोबणीत ब्रश नीट पोहोचत नाही. २०१५ साली लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या रुग्णालयात अशाच स्कोपमधून जवळपास कुठल्याच प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतू सात रोग्यांना लागले, त्यातले दोघे वारले, आणि १७९ जणांना बोलावून तपासणीसाठी या असं सांगावं लागलं. तिथल्या लोकांनी सांगितलेल्या पायऱ्या पाळल्या होत्या. उपकरणाची घडणच अशी होती की धुणाऱ्याचा हात तिथवर जात नव्हता. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टोकाचा भाग सुटा होणारे किंवा एकदाच वापरून टाकायचे स्कोप वापरण्याकडे वळा असं २०१९ मध्ये रुग्णालयांना सुचवलं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: उपकरण घेतानाच विचारायला हवं की हे धुता येतं का. खरेदीच्या बैठकीत सर्जन असतात, हिशेबनीस असतात, कंपनीचा माणूस असतो. धुणारा माणूस मी तरी एकदाही तिथे बसलेला पाहिला नाही. शेवटच्या काही वर्षांत मला बोलावू लागले, तेही मी हट्ट धरला म्हणून.

स्कोप धुवून औषधातून काढला की काम झालं असं वाटतं, पण सुकवणं राहिलेलं असतं. आतल्या वाटेत थेंबभर पाणी राहिलं आणि स्कोप रात्रभर कपाटात टांगला तर काय होतं? अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. १० तासांत ३० वेळा. एकाचे कागदावर १०० कोटींच्या वर. प्रत्यक्षात इतके होत नसतील, पण सकाळी पहिल्या रोग्यासाठी आदल्या दिवशीपेक्षा घाणेरडा स्कोप तयार होतो हे खरं. त्यात हे जंतू स्वतःभोवती चिकट थर विणून घेतात. एकदा तो जमला की औषध त्याला भेदत नाही, पुन्हा ब्रशच लागतो. म्हणून आत हवेचा झोत निदान १० मिनिटं सोडायचा. आमच्याकडे त्यासाठी मुलगी सिरिंजने हवा मारायची, चार-पाच वेळा, आणि झालं म्हणायची. तिला दोष कसा देऊ? हवेचं यंत्र मागितल्यावर मंजूर व्हायला दोन वर्षं गेली.

वाफेच्या यंत्राबद्दल थोडंच लिहिते, कारण ते त्या मानाने शिस्तीचं काम आहे. १३४ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं किंवा १२१ अंशांना १५ मिनिटं वाफ प्रत्येक पृष्ठभागाला लागली की बीजाणूसुद्धा उरत नाहीत. पण "प्रत्येक पृष्ठभागाला" हे शब्द महत्त्वाचे. आत हवा अडकली की तिथे वाफ जात नाही. म्हणून हवा खेचून घेणाऱ्या यंत्रात रोज सकाळी, बाकी काही लावण्याआधी, बोवी-डिक चाचणी, म्हणजे हवा पूर्ण निघते का हे पाहणारी चाचणी, करायची. आणि एक सगळ्यांना सांगते, रोग्यांनाही: पाकिटावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे आतलं निर्जंतुक झालं असं नाही. ते पाकीट यंत्रातून जाऊन आलं, एवढंच त्या रेघा सांगतात. खात्री करायची तर सर्वांत चिवट बीजाणूंची कुपी आत ठेवून ते मेले का हे पाहावं लागतं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. एके रात्री तातडीची शस्त्रक्रिया होती. यंत्रातून काढलेला संच बाहेरून ओला लागला. ओलं पाकीट निर्जंतुक धरायचं नाही, ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात, हे मी स्वतः शिकवत होते. दुसरा संच नव्हता. थिएटरमधून तीनदा फोन आला. मी संच सोडला. त्या रोग्याला पुढे काही झालं नाही, मी रोज जाऊन जखम पाहत होते, आठ दिवस. पण नशिबाने काही झालं नाही, माझ्यामुळे नाही. त्यानंतर मी लेखी मागणी केली की तातडीच्या शस्त्रक्रियेचा एक संच कायम राखीव असावा. ती मान्य झाली. त्या रात्री मी खंबीर असायला हवं होतं हे खरं, पण संच असता तर खंबीर असण्याची वेळच आली नसती.

याच मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. धुणाऱ्या माणसाला वेळ दिला जात नाही. एक हिशेब मांडते. सकाळी ९ ते १ एन्डोस्कोपीची यादी, तपासणीचं टेबल एक, स्कोप दोन. एका तपासणीला १५ मिनिटं धरा. गळती तपासणं, घासणं, खंगाळणं, औषध, पुन्हा खंगाळणं, सुकवणं, मिळून एक तास धरा. म्हणजे एक स्कोप पुन्हा हाताशी यायला सव्वा तास. चार तासांत दोन स्कोपवर फार तर ७ रोगी होतात. पण यादीवर १० नावं असतात, आणि एक वाजता दहाही झालेले असतात. राहिलेल्या तिघांचा वेळ आला कुठून? डॉक्टरांच्या तपासणीतून तर नक्कीच नाही. तो सिंकपाशी कापला गेला. हा हिशेब कुणीही, कुठल्याही रुग्णालयात, यादी आणि स्कोपची संख्या घेऊन पाच मिनिटांत करू शकतं. मी वरिष्ठांपुढे तो मांडला तेव्हा मला सांगण्यात आलं, "जरा हात चालवायला सांगा." हात चालवून औषधाची मिनिटं कमी होत नाहीत.

आणि तो हात कुणाचा? रुग्णालयातला सर्वांत कमी पगाराचा, बहुतेक वेळा कंत्राटावरचा, सहा महिन्यांनी बदलला जाणारा. शिकवून तयार केलेली मुलगी जाते आणि नवी येते, तिलाही कुणी सांगत नाही की हे उघडतं. औषधाच्या वाफेने तिचे डोळे चुरचुरतात, काहींना दमा लागतो, खोलीला खिडकी नसते. ती "हा स्कोप अजून तयार नाही" असं म्हणाली तर तिचं ऐकणार कोण? माझ्या विभागात मी एक नियम केला होता, आणि त्यासाठी मला दोनदा कार्यालयात बोलावणं आलं: धुणारी व्यक्ती नाही म्हणाली तर उपकरण बाहेर जाणार नाही, मागणारा कुणीही असो. पहिल्यांदा एक सर्जन माझ्यावर सर्वांसमोर ओरडले. मी त्यांना वाळलेल्या घाणीची एक चकती दाखवली, बायोप्सीच्या पकडीच्या सांध्यातून निघालेली, मसुराएवढी. त्यांचा आवाज खाली आला. नंतर त्याच सर्जनांनी माझी बाजू घेतली म्हणून तो नियम टिकला.

वॉर्डातल्या छोट्या वस्तूंबद्दल तर कुणी बोलतच नाही. ऑक्सिजनच्या बाटलीत नळाचं पाणी, संपलं की वरून भर. लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात आत पाहायच्या उपकरणाचं, पातं धुतात, पण मूठ तशीच पुढच्या रोग्याकडे. आतून करायच्या सोनोग्राफीच्या प्रोबला आवरण चढवलं म्हणून तो औषधात घालायचा नाही ही समजूत. आवरणाला बारीक भोकं पडतात, प्रोब प्रत्येक वेळी तीव्र औषधातून काढायलाच हवा. रक्तदाबाचा पट्टा महिन्यात एकदा तरी धुतला जातो का, हे पाहावं. आणि स्टेथोस्कोप: जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की रोग्याला तपासल्यावर त्याच्या चकतीवर बोटांच्या टोकांपेक्षा कमी, पण हाताच्या बाकीच्या भागांपेक्षा जास्त जंतू असतात. हात धुणारे डॉक्टर तो पुसत नाहीत, कारण तो गळ्यात असतो, हातात नाही.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची एन्डोस्कोपी किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी घाबरून ती टाळू नये. या तपासण्यांनी माणसं वाचतात, मी रोज वाचताना पाहिली आहेत. पण विचारावं. "माझ्यासाठी वापरणार तो स्कोप कोणत्या क्रमांकाचा, आणि तो माझ्या कागदांवर लिहिला जातो का?" हा एक प्रश्न पुरे. क्रमांक लिहिला जात असेल तर त्या रुग्णालयात नोंदवही आहे, कुणी केव्हा धुतला हे शोधता येतं, आणि काही बिघडलं तर इतर रोग्यांना बोलावता येतं. आमच्या त्या चार रोग्यांच्या आधी आणखी किती जणांना ती नळी लागली होती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वही नव्हती. काही जण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले असतील, वर्षभर ड्रेसिंग करत राहिले असतील, स्वतःचंच काहीतरी चुकलं असं समजून.

माझी आपल्याला एक विनंती आहे. संसर्गावर पुढचं वृत्त कराल तेव्हा आपल्या बातमीदाराला एक सकाळ सिंकपाशी उभं राहू द्या, रुग्णालयाची परवानगी घेऊन. सोबत घड्याळ आणि वही असू द्यावी. स्कोप केव्हा आला, ब्रश किती वेळ फिरला, औषधात केव्हा गेला, केव्हा काढला, सुकवला का, एवढंच लिहून घ्यावं. धुणाऱ्या मावशींना विचारावं की तुम्हाला हे कुणी शिकवलं, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत छापावं. काय पाहायचं हे समजावून सांगायला मी बातमीदारासोबत यायला तयार आहे. ट्रोकार कसा उघडतो तेही दाखवेन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
(कृपया नाव छापू नये)